अदलाबदल झालेले बूट

ती घटना आठवली की आजही माझी नजर आधी स्वतःच्या बुटांकडे जाते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पोलीस अधिकारी होतो. सातपूरच्या एका कारखानदारांनी आमच्या पोलीस ठाण्यात फिर्याद दिली की, ड्रायव्हरने त्यांचे परदेशातून आणलेले वासराच्या चामड्याचे बूट लांबवून तसेच दिसणारे नकली ठेवले. पुरावा म्हणून त्यांनी टेबलावर काळे चकचकीत बूट ठेवले. पुढच्या बाजूला तडे गेले होते, त्यावरूनच त्यांना संशय आला होता.

ड्रायव्हरला बोलावलं. घरातले बूट पुसायचं कामही त्याच्याकडेच होतं. बूट बदलले कसे, असं विचारलं की तो मान खाली घालायचा. इतका गप्प माणूस म्हणजे चोरच, असं माझ्या हवालदाराचं मत होतं. ड्रायव्हरची नोकरी गेलीच होती, आता कोठडी समोर दिसत होती.

अटकेआधी मेन रोडच्या एका बुटांच्या दुकानदाराला ते बूट दाखवले. त्याने मला शिकवायलाच घेतलं. वासराचं चामडं कधी गुळगुळीत असतं, कधी दाणेदार ठसा उठवलेलं असतं, तर कधी उलट्या बाजूचं मखमलीसारखंही असतं. चांगलं गुळगुळीत चामडं मऊ पडतं, त्यावर बारीक सुरकुत्या येतात. हे मात्र घासून वर रंगाचा थर दिलेलं साधं चामडं, म्हणून तडकलं. म्हणजे जास्त चमकतो तो बूट हलक्या प्रतीचा? माझं डोकंच चालेना.

त्याच आठवड्यात निफाडचे एक द्राक्ष बागायतदार ठाण्यात आले. लग्नात मंगल कार्यालयाबाहेर त्यांचे बूट बदलले गेले होते. पायातले काढून म्हणाले, "साहेब, माझे आरशावानी चमकायचे. हे लय मऊ हायेत, सुरकुत्या पडत्यात. माझे शोधून द्या."

लग्न कोणाचं ते विचारलं. चौकशी केली तर कारखानदारही त्याच लग्नाला गेले होते. त्यांना बोलावून दोन्ही जोड समोर ठेवले. ते दुसऱ्याचे बूट घालून घरी आले होते आणि त्यांना पत्ताही नव्हता. फिर्याद तिथेच संपली.

मी ड्रायव्हरवर चिडलो. "तुला पुसताना कळलं नाही?"

"कळलं होतं, साहेब. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालक बूट बघून म्हणाले, आज काय चमकवलेस रे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शाबासकी दिली. मग खरं सांगवलंच नाय."

कारखानदार शेजारीच उभे होते. जाताना गाडीची किल्ली त्यांनी ड्रायव्हरच्या हातात दिली.

गप्प बसणारा गुन्हेगारच असतो, हे मी त्यानंतर कधी धरून चाललो नाही. चामड्यातलं मात्र मला अजूनही काही कळत नाही.