मानपत्रातली शेवटची ओळ

पत्रकाचे तीन नियम मला पाठ आहेत. एका पानात मावलं पाहिजे. पहिल्याच वाक्याला वाचणाऱ्याचं डोकं तापलं पाहिजे. आणि खाली कुणाचंही नाव असता कामा नये. तिसऱ्या नियमामागे धोरण आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे. धोरण कसलं? भीती होती.

एकवीस वर्षं पूर्ण झाली आणि बाबांच्या व्हिसावरून माझं नाव गळालं. मी नऊ वर्षांची असताना अमेरिकेत आले, पण आता इथे राहायचं तर विद्यार्थी म्हणूनच. आमच्या उपनगरातल्या कम्युनिटी कॉलेजने पटावरून नाव काढलं, तर मला बॅग भरावी लागेल. आईबाबा इथे, मी तिकडे.

तरी मी पत्रक काढलं, कारण कॉलेजने संध्याकाळचे इंग्रजीचे फुकट वर्ग बंद केले. हॉटेलात भांडी घासणाऱ्या बायका, छपरं घालणारे लोक, एक सुदानी आजोबा आणि माझी आई, असा तो वर्ग. आईला गाडी येत नाही, ती बसने जायची. पुस्तकाच्या बेचाळिसाव्या पानावर वर्ग थांबला. पुढच्या आठवड्यात उजळणी, असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. पुढच्या आठवड्यात दारावर नोटीस होती. आता त्या खोलीत कॉफीचं मशीन आहे आणि देणगीदारांच्या बैठका होतात.

"प्रेसिडेंटबाई, माणसांची तोंडं बंद करून तुम्ही कॉफीचं मशीन बसवलंत," असं कॉलेजच्या प्रमुखबाईंना उद्देशून माझं पहिलं वाक्य होतं. लायब्ररीच्या प्रिंटरवर साठ प्रती काढल्या, स्वतःचं विद्यार्थी कार्ड टेकवून. त्या कार्डावर प्रत्येक पानाची नोंद राहते, हे साठही प्रती दारादारांवर चिकटवून झाल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ईमेल आलं: पत्रक कुणी लावलं याची चौकशी सुरू आहे. त्या दिवसांत कुणाचा तरी व्हिसा गेल्याचं सारखं कानावर यायचं. फोन थरथरला की आता माझ्याच नावाचं ईमेल आलं, असं वाटायचं.

असाच एकदा थरथरला. मराठी मंडळाचे अध्यक्ष काका. मूळचे नागपूरचे, हृदयाचे डॉक्टर, आता रिटायर्ड.

"अगं पोरी, कॉलेजच्या प्रेसिडेंटबाईंचा सत्कार करतोय आपण. दरवर्षी गणपतीला हॉल देतात बिचाऱ्या. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र तू लिही."

"मीच का, काका?"

"तुझ्या वयाच्या बाकीच्यांना मराठीत सही येत नाही. आणि तुझं रक्त जरा गरम आहे. भाषेला बरं असतं ते."

नाही म्हटलं तर संशय येईल, म्हणून हो म्हटलं. मग बाईंची कर्तबगारी गोळा करायला निघाले, फारसं काही सापडू नये अशी मनोमन इच्छा धरून.

सापडलं. नर्सिंगच्या इमारतीत एक कपाट आहे, त्यात ब्रेड, डाळी, दूध असतं. घेणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही. एक अख्खं सेमिस्टर मी तिथला ब्रेड खाल्ला होता. ते कपाट बाईंनी सुरू केलेलं. नर्सिंगच्या मुलांना सरावाची नवी खोली मिळाली, तीही त्यांनीच भांडून मिळवलेली. आणि बस! पूर्वी बस हायवेपलीकडे थांबायची, तिथून कडेकडेने चालत यावं लागायचं. बाईंनी ती फाटकाच्या आत आणली. आई ज्या बसने वर्गाला जायची, तीच. माझा नुसता संताप झाला. वाईट माणसाने सगळंच वाईट करावं, म्हणजे पत्रक लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं.

सगळं लिहिलं, कारण सगळं खरं होतं. शेवटी एक ओळ घातली: "संध्याकाळी शिकायला येणाऱ्यांसाठी त्यांनी बस दारापर्यंत आणली, आणि मग दार बंद केलं."

काकांनी चष्मा वर सरकवला. "हे काढ."

"खरं आहे ते."

"म्हणूनच काढ. व्हिसा कुठला आहे तुझा?"

मी कागद माझ्याकडे ओढला.

"पत्रक वाचलंय मी. इंग्रजीत होतं, पण सूर हाच. आम्हाला काय मूर्ख समजतेस? मी या देशात तोंड मिटून ऑपरेशनं केली, म्हणून इथवर आलो."

"म्हणूनच मंडळात कुणाला तोंड उघडता येत नाही!"

काका हसले, पण ओळीवर पेनाने काट मारली.

सत्काराच्या दिवशी काका बाईंच्या शेजारी बसले, त्यांच्या कानात भाषांतर सांगायला. मी वाचत होते. कपाट झालं, नर्सिंग झालं, बस झाली. काट मारलेली ओळ आली. तिसऱ्या रांगेत आई मांडीवर पर्स घेऊन बसली होती, वर्गात बसायची तशी ताठ. मी ओळ वाचली.

काका बाईंच्या कानाशी वाकले. बाईंनी छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून गोड हसल्या.

"काय सांगितलंत?" खाली उतरल्यावर मी विचारलं.

"म्हटलं, बसबद्दल संध्याकाळचे विद्यार्थी तुमचे ऋणी आहेत. जा, वडा खा."

मला इतकं हायसं वाटलं, की त्याची लाज अजून जात नाही.

तेवढ्यात अंगावर शाल, काखेत नारळ अशा प्रेसिडेंटबाई चहाच्या टेबलापाशी आल्या. संध्याकाळचे विद्यार्थी इथे कुणी आहेत का, मला भेटायचंय, म्हणाल्या. कुणी हललं नाही. मग आईने हातातली प्लेट खाली ठेवली.

"मॅडम, आय ॲम इव्हिनिंग स्टुडंट. क्लास इज क्लोज्ड. आय ॲम ऑन पेज फॉर्टी-टू."

काका इंग्रजीत काहीतरी सारवासारव करायला लागले.

"डॉक्टर, थांबा," आई म्हणाली. "एवढं येतं मला."

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला, पर्समधून पेन काढलं, माझ्या हातातला मानपत्राचा कागद घेऊन उलटा केला आणि आईला नाव विचारलं.

मी आईचं मनगट धरलं. "आई, नको."

फोनवर आपलं नाव अक्षर-अक्षर कसं सांगायचं, हा आईच्या पुस्तकातला दुसरा धडा होता. आईने एकेक अक्षर सांगितलं, पेन मागे पडलं की थांबली.

"आणि ते पत्रक कुणाचं?" बाईंनी विचारलं. आवाज शांत होता, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

काका छताकडे बघायला लागले. आई वड्याकडे. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं, आणि तेच मला सहन होईना. मी माझं नाव सांगितलं, अक्षर-अक्षर, आईपेक्षा कितीतरी बारीक आवाजात. बाईंनी ते आईच्या नावाखाली लिहिलं, पेनाचं टोपण लावलं, "थँक यू" म्हणाल्या आणि कागद घेऊन गेल्या. कसलं थँक यू, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. नारळ टेबलावरच राहिला.

अजून ईमेल आलेलं नाही. वर्गाचं नाही आणि माझंही नाही. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी आईला शिकवते, आम्ही त्रेपन्नाव्या पानावर आहोत. मधेच फोन थरथरतो. दोघी थांबतो. मग आई पानावर बोट तसंच ठेवून म्हणते, "बघ तरी कुणाचा आहे."