उतरत्या काठावरच्या सिस्टर

आमच्या गल्लीतल्या सिस्टरांना राग यायला कारण लागत नाही, असे त्यांचे धाकटे दीर म्हणतात. ते खरे नाही. कारण असतेच, आणि बहुतेक वेळा रास्तही असते. फक्त ते इतरांच्या आधी सिस्टरांना दिसते. सरकारी दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. गावातल्या निम्म्या दंडांनी त्यांची सुई सोसली आहे. निवृत्त झाल्या तरी त्यांची चाल वॉर्डातलीच राहिली. झपझप चालायचे, आणि रोग्याच्या उशीची कड सरळ करावी तशी जाताजाता एखाद्याच्या बोलण्यातली चूक सरळ करून पुढे जायचे.

त्यांचे यजमान बसच्या आगारात मिस्त्री होते आणि गावालाही ते मिस्त्री म्हणूनच ठाऊक. इंजिनाखालून बाहेर आले की हात धुवायचे आणि गळ घेऊन तळ्यावर जायचे, एवढाच त्यांचा संसाराबाहेरचा उद्योग. सिस्टर तेव्हा त्यावर फार चिडत. घरात नळ गळतोय आणि हे पाण्याकडे बघत बसलेत, असे सगळ्या गल्लीला ऐकू जाई.

मग मिस्त्रींना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्हींसाठी घशातून एकच आवाज निघे. घरात ते भिंतीकडे तोंड करून बसत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या पोरीने आशा सोडली, डॉक्टरांनी ती आधीच सोडली होती. सिस्टरांना आशेपेक्षा रागाचा आधार जास्त. एका सकाळी त्यांनी चाकांची खुर्ची ढकलत तळ्यावर नेली, मिस्त्रींच्या डाव्या हातात गळाची काठी दिली आणि म्हणाल्या, "धरा. रुसायचंच असेल तर इथे रुसा." बराच वेळ काही झाले नाही. मग दोरी ताणली गेली आणि मिस्त्री स्पष्ट म्हणाले, "आला."

आजारानंतरचा तो त्यांचा पहिला शब्द. तेव्हापासून सिस्टर रोज त्यांना नेऊ लागल्या. पाण्याशी बसले की शब्द येत. थांब, सोड, ढील दे. एकदा एक शिवी आली, ती सिस्टरांनी मला मोठ्या कौतुकाने सांगितली. घरी परतले की पुन्हा भिंत.

आमच्या तळ्याला रस्त्याच्या बाजूने एक उतरता काठ आहे. बारीक खडीची सपाट उतरण थेट पाण्यात जाते, खुर्ची पाण्यापर्यंत नेता येते. पलीकडचा काठ सगळा खडकांचा. तिथे धडधाकट माणूसही हातापायांवर चढतो. म्हणून उतरता काठ बंद करायचे घाटते आहे हे कळले तेव्हा सिस्टरांचे काय झाले असेल, ते निराळे सांगायला नको.

गोष्ट अशी होती की तळ्यातले मासे कमी झाले होते. गावातल्या हौशी गळवाल्यांचे एक गळ मंडळ आहे, त्यातले लोक सकाळभर बसून रिकाम्या हाताने घरी जात. तळ्याचे संवर्धन करणाऱ्या संस्थेने पाणीखात्याकडे मागणी केली, की मासे अंडी घालतात त्या हंगामापुरता उतरता काठ गळवाल्यांना बंद करावा. मंडळाचे म्हणणे, मासे पाणकावळे खातात आणि वर्तमानपत्रात नाव मात्र आमचे येते. यातले दुसरे तरी खरे होते. संस्थेने काठावर बसलेल्या गळवाल्यांचा पाठमोरा फोटो छापून आणला होता आणि खाली लिहिले होते, ‘तळ्याचे लुटारू’. मधोमध मिस्त्रींची खुर्ची.

सिस्टर तो अंक घेऊन संस्थेच्या कचेरीत गेल्या. तिथल्या चिटणिसांनी समजूत घातली की चेहरा कुणाचाच दिसत नाही. "पाठीवरून माणूस ओळखू येत नाही का?" सिस्टर म्हणाल्या. "मी जन्मभर पालथ्या झोपलेल्या माणसांना सुया टोचल्यात. पाठ बघून मी तुम्हाला नाव सांगेन." चिटणिसांनी पाणी मागवले. सिस्टर न पिता परत आल्या.

निर्णयासाठी पाणीखात्याच्या अधिकाऱ्यांनी वाचनालयाच्या सभागृहात दोन्ही बाजूंना बोलावले. आदल्या दिवशी गळ मंडळाचे अध्यक्ष सिस्टरांच्या घरी आले. हा गृहस्थ लोखंडी सामानाचे दुकान चालवतो. त्याला घरची मंडळीही अध्यक्षच म्हणतात, आणि त्याला ते मनापासून आवडते. मी तेव्हा तिथेच वर्तमानपत्र परत करायला गेलो होतो. संस्था जिवंत आमिषाचा विषय काढणार, अशी बातमी त्याने आणली होती.

इथे आमच्या गळवाल्यांची एक रीत सांगायला हवी. मोठ्या माशासाठी ते आमिष म्हणून बोटाएवढे जिवंत मासे वापरतात. दुकानातून डब्यात विकत आणायचे आणि उठताना उरलेले तळ्यात ओतून द्यायचे. टाकून मारणे पाप, म्हणून. ही रीत मिस्त्रींनीच पाडली असे म्हणतात. डबा उपडा करताना ते "जा बाबांनो, सुटलात" म्हणायचे, आणि पुढे सगळेच म्हणू लागले. त्यात कुणाला काही वावगे वाटले नव्हते. उलट दिवसभर गळ टाकणाऱ्या माणसाला तेवढेच हलके वाटे.

अध्यक्षांचे म्हणणे सरळ होते. सिस्टरांनी सभेत एवढेच सांगायचे, की आम्ही कणकेच्या गोळ्या आणि गांडुळे वापरतो, दुसरे काही नाही. सिस्टरांचा शब्द गावात कुणी खोटा पाडणार नाही. काठ वाचेल.

सिस्टर मिस्त्रींकडे बघत राहिल्या. ते भिंतीकडे बघत होते. "बघू," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

सभेला खुर्च्या अपुऱ्या पडल्या. मिस्त्री आपली खुर्ची घेऊनच आलेले, म्हणून पहिल्या रांगेत. सुरुवातीला जे व्हायचे ते झाले. कुणी पाणकावळ्यांवर घसरले, कुणी कारखान्याच्या सांडपाण्यावर. संस्थेला तळे फोटोपुरते हवे, असा टोमणा मंडळाने मारला. तुम्हाला ते तव्यापुरते हवे, असा तिकडून परत आला. मग संस्थेची अभ्यासक मुलगी उठली. अंगाने किडकिडीत, आवाज त्याहून बारीक. तिने काचेची उंच बरणी टेबलावर ठेवली. आत हातभर लांब, पट्ट्यांचा, पाठीवर काटे असलेला मासा होता. त्याच्या पोटात तिला आपल्या तळ्यातल्या माशांची अंडी सापडली होती, ओंजळभर. उतरत्या काठाच्या खडीतच आपले मासे अंडी घालतात आणि हा तिथेच चरतो, असे तिने सांगितले. हा या तळ्यातला नव्हे. आमिष म्हणून विकत मिळतो तो हाच, लहानपणी.

एकच गलका झाला. आम्ही जिवंत आमिष वापरतच नाही, असे अध्यक्ष म्हणाले आणि मागून माना हलल्या. बरणी हातोहात फिरत पहिल्या रांगेत आली. सिस्टरांनी ती मिस्त्रींच्या मांडीवर धरली. मिस्त्रींनी डावे बोट काचेवरून पट्ट्यापट्ट्याने फिरवले.

"आपला," ते म्हणाले.

  अध्यक्ष अधिकाऱ्यांकडे वळून हसत म्हणाले, "साहेब, हे मनावर घेऊ नका. आजारी माणूस आहे, काय बोलतो ते त्याचं त्याला कळत नाही."

सिस्टर उठल्या.

"कळतं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर हेच म्हणाले होते, त्यांनाही मी हेच सांगितलं. यांना सगळं कळतं. हा मासा आपला आहे. आम्ही विकत आणतो आणि जाताना ओततो. मी काल ओतला, आणि अध्यक्ष, माझ्या शेजारी उभं राहून तुम्हीही ओतलात."

मग त्या संस्थेकडे वळल्या, आणि ज्यांनी टाळ्यांसाठी हात उचलले होते त्यांनी ते खाली घेतले. "तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे? पोट फाडून बघायला वेळ होता, फोटो काढायला वेळ होता. वीस पावलं उतरून, बाई, तो डबा ओतू नका, एवढं सांगायला कुणाची जीभ झडली होती? आम्ही ऐकलं नसतं तर मग लुटारू म्हणायचं होतं."

त्या मुलीने मान खाली घातली. चिटणीस कागद चाळू लागले.

निर्णय तिथेच झाला. जिवंत आमिष कायमचे बंद, आणि हंगाम संपेपर्यंत उतरता काठ सर्वांना बंद. सिस्टर दुसऱ्याच दिवशी एका खुर्चीपुरती सवलत मागायला गेल्या. साहेब म्हणाले, एकाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. वॉर्डात भेटीच्या वेळेबाहेर आलेल्या नातेवाइकांना सिस्टर हेच ऐकवत असत. म्हणून त्या जास्तच चिडून घरी आल्या.

गळ मंडळाने त्यांच्याशी बोलणे टाकले. मिस्त्री पुन्हा भिंतीकडे वळले, आणि आता घशातला आवाजही कमी झाला. ती अभ्यासक मुलगी एकदा फोटोची माफी मागायला आली. सिस्टरांनी तिला आधी दारात उभे केले, मग चहा दिला, मग तू काही खातेस की नाही यावरून झापले. पलीकडचा काठ खुला आहे, असे ती चाचरत म्हणाली. "हो का," सिस्टर म्हणाल्या. "मग खडकावरून त्यांना तू उचलून नेतेस की मी नेऊ?"

खरे बोलल्याचा त्यांना पश्चात्ताप झाला का, हे मी एकदा विचारून पाहिले. त्यांनी माझ्याकडे असे बघितले, की मी छत्री उचलली.

नंतर एका सकाळी गल्लीत दार ठोठावल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघतो तो अध्यक्ष सिस्टरांच्या दारात, मागे मंडळातले तीन जण, आणि खांद्यावर दोन लांब लोखंडी पाइप. अध्यक्षांनी पाना काढला, मिस्त्रींच्या खुर्चीखाली दोन्ही बाजूंना पाइप बोल्टने आवळले. सिस्टरांकडे त्यांनी पाहिले नाही.

"आम्ही तुमच्याशी बोलत नाही," ते पाइपाशी बोलले. "मिस्त्रींना घ्यायला आलोय."

"बोलू नका. बोल्ट नीट आवळा," सिस्टर म्हणाल्या.

चौघांनी खुर्ची उचलली. तळ्याला वळसा घालून वरात पलीकडच्या काठावर पोचली. मागून मी, आणि सिस्टर हातात काठी नि कणकेचा डबा घेऊन. खडकावर पहिल्याच चढाला खुर्ची एका बाजूला कलली आणि सिस्टरांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. डावीकडून वर घ्या, तुम्ही लोखंड विकता की उचलता, माणूस आहे तो, पोतं नाही. अध्यक्ष घामाघूम झाले होते. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलेही.

"हळू," मिस्त्री म्हणाले. मग पुढच्या खडकाकडे डावा हात करून, "तिकडून."

अध्यक्ष थांबले. तिकडे बघितले. "सिस्टर, तुम्ही जरा गप्प बसा," ते म्हणाले. "ते सांगतायत ना."

आणि खुर्ची तिकडून नेली.