कुलूप नसलेला धडा

मेधाच्या फोनवर मी लगेच हो म्हटलं, ते माझा सत्कार होणार या समजुतीने. मेधा माझी भाची. शिक्षकांना संगणकावर धडे रचता यावेत असं सॉफ्टवेअर ती रत्नागिरीत बनवत होती. नमुन्याला तिने माझी, मी शिक्षिका असतानाची, जुनी टाचणवही नेली. त्यातला ‘भरती-ओहोटी’ हा धडा सीडीवरून शाळाशाळांत गेला होता, आणि आता शिक्षकांपुढे उघडून दाखवायचा होता.

गुहागरहून एसटीने तवसाळला उतरले तो बारा वाजलेले आणि जयगडला नेणारी होडी चिखलात कललेली.

“सुकती (ओहोटी) हाय, आजी,” होडीचा तांडेल म्हणाला. “काल ह्या टायमाला पानी चढाया लागलं होतं. रोज पाऊन तास फुडं सरकतं, ठावं नाय?”

“मला विचारतोस? मी भरती शिकवलीय,” असं म्हणून मी दोन तास त्याच्या जाळ्यांच्या ढिगावर बसून राहिले.

संध्याकाळी मेधाकडे मिरकरवाडा बंदरावरच्या बांगड्यांचं तिखलं (झणझणीत कालवण) होतं. जेवताना विचारलं, “माझ्या धड्याला कुलूप कुठे लावायचं?”

“कुलूपच नाही, मावशी. सॉफ्टवेअरसुद्धा उघडं आहे. कोणीही घ्यावं, आतून बदलावं, पुढे द्यावं.”

“आणि माझा धडा?”

“तोही.”

तरुणपणी ती वही मी ट्रंकेत ठेवत असे. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी मागितली तर वाळवी लागली म्हणून सांगितलं होतं. मोठी विदुषी लागून गेले होते.

सकाळी एका शाळेच्या संगणक खोलीत पडद्यावर धडा उघडला. माझ्या नावाखाली लिहिलेलं: ‘दुरुस्ती: शबाना, नाटे शाळा.’ पुढच्या बाकावरून एक किडकिडीत बाई उठल्या.

“मीच ती, बाई. तुमच्या धड्यात भरती रोज बाराला येते. आमची मुलं म्हणाली, ह्या बाईंना होडीत घेऊ नका. मग मी घातलं, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरती किती वाजता ते मिळतं.”

देशावरून कोकणात नोकरीला आले तो दिवस पौर्णिमेचा. भर दुपारी बाराला समुद्र काठोकाठ पाहिला आणि तसंच टाचणात लिहिलं. तपासणीच्या साहेबांनी ‘उत्तम’ शेरा दिल्यावर ती वही नुसती मिरवली. ना ती पुन्हा वाचली, ना समुद्र पाहिला. माझ्या वर्गातली, चौथीतली जैनब एकदा म्हणाली होती, “बाई, आज बाबाची होडी भरतीला निघाली ती पावणेएकला.” तिला मी तासभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. इतकी वर्षं हे विसरले होते. आता तिच्या वेणीची सुटलेली रिबीनही आठवली.

मेधा कानाशी आली. “मावशी, तुझं नाव काढू?”

“राहू दे. माझी बाराची भरतीही दिसू दे. दुरुस्तीत आणखी एक नाव लिहायचंय.”

“एकच रकाना आहे गं.”

“मग दुसरा कर. उघडं आहे म्हणालीस ना?”

संध्याकाळपर्यंत तिने केला. शबानाच्या वर मी एका बोटाने टंकलं: ‘जैनब, इयत्ता चौथी.’

परतीला दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. पहिली एसटी धरून साडेसातला जयगडच्या काठावर उभी राहिले, तर पाणी पायरीला टेकलेलं.

“आज बरोब्बर आलात, आजी,” तोच तांडेल हात देत म्हणाला. “कुनी शिकवलं?”

“जैनबने,” मी म्हटलं. “चौथीत आहे.”