बासरी अडकली तेव्हा

केशोरीच्या नूतनला गाडी चालवता येत नव्हती, पण घरच्या त्या जुन्या पांढऱ्या गाडीत ती जितकी बसली तितका तिचा नवरा हेमेंद्रही बसला नसेल. हेमेंद्रचं गावात बियाण्या-खतांचं दुकान, शिवाय घरची धानाची शेती. गाडी त्याने गोंदियातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली, तेव्हा त्यांची एक सीडी तिच्यात राहून गेली होती. वर नाव नाही, चित्र नाही. आत नुसती बासरी.

त्यांची एकुलती एक चंदा तेव्हा सहा वर्षांची होती. ती बोलत नसे. कुणी मोठ्याने हसलं, ताट बदललं, दारात अनोळखी चप्पल दिसली, की कपाळ भिंतीवर आपटायची. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, की हा आजार नव्हे, पोर घडलीच अशी. तिच्या सवयी सांभाळा. सवयी सांभाळायच्या म्हणजे काय, ते नूतनला गाडी आल्यावर कळलं. हेमेंद्रने सहज बटण दाबलं, सीडी बाहेर आली, चंदाने ती हातात घेतली, तिच्यावरचे रंग उन्हात फिरवून पाहिले आणि पुन्हा फटीत सरकवली. आत काहीतरी गुरगुरलं, बासरी सुरू झाली, आणि पोर गप्प झाली. नुसती गप्प नाही, शांत. नूतनने तसं तिला कधी पाहिलं नव्हतं.

मग घराचा दिवसच त्या गाडीभोवती फिरू लागला. दिवेलागणीला चंदा पुढच्या सीटवर बसायची, सीडी काढायची, पाहायची, घालायची. नूतन शेजारी बसून भात भरवायची. गाडी चालायची कमी, वाजायची जास्त. बॅटरी उतरली की हेमेंद्र कुरकुरायचा, पण चार्ज करून आणायचा. तीन वर्षं असं चाललं. चंदाच्या कपाळावरची जुनी टेंगळं मावळली.

यंदा ऐन धानाच्या रोवण्याच्या दिवसांत सीडी आत गेली आणि खट् झालं. बासरी वाजेना. बटण दाबलं तर सीडी बाहेरही येईना. चंदाने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग त्या फटीत बोटं घालू लागली. आणि मग तिने डॅशबोर्डवर डोकं आपटलं.

त्या दिवसापासून घरात कुणी नीट जेवलं नाही. चंदा भाताकडे पाहीना. आपलाच हात चावू लागली. नूतन तिला मिठीत धरून बसायची, तर तिच्याच हनुवटीवर डोकं बसायचं. सासू रुख्मिणीबाई ओसरीवरून म्हणाली, "कोनाची नजर लागली व पोरीले. उतरवून टाक."

"उतरवली, मामीजी. दोनदा उतरवली," नूतन सासूला म्हणाली.

"मंग काऊन रडून रायली ते?"

एका सीडीसाठी, असं सांगितलं तर कोण ऐकणार? शेजारची शामकला तर तोंडावर म्हणून गेली, "लाडानं बिघडवली तुमी पोरगी."

हेमेंद्र गाडी घेऊन अर्जुनी मोरगावला गेला. तिथे टिंकू गाड्यांना टेप, पडदे बसवून द्यायचा. तो हसला. "भाऊ, सीडी कोन वापरते आता? मोठा स्क्रीनवाला लावून देतो. मोबाइलवरून पायजे तेवढी बासरी वाजवा." त्याने जुना प्लेअर उपसला, नवा बसवला. बासरी वाजली, पहिल्यापेक्षा खणखणीत.

गाडी घरी येताच चंदा धावत येऊन बसली. बोट फटीकडे गेलं. फट नव्हती. तिने काचेवर हात फिरवला, वर, खाली, कडेला. मग तिच्या घशातून जो आवाज निघाला, तो ऐकून गल्लीतली कुत्री उठून बसली. कपाळ फुटलं. नूतनच्या पदराला रक्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नूतन चंदाचा हात धरून तलावाच्या पाळीवर उभी होती. पोरगी पाण्याकडे पाहून थोडी गप्प होते, म्हणून आलो, असं ती स्वतःला सांगत होती. पाणी काठोकाठ होतं. गप्प, हिरवं. आता ही कायमची गप्प होईल, आणि आपणही, असं तिच्या मनात आलं. आलं, आणि गेलं नाही. तिथेच उभं राहिलं.

पलीकडच्या धानाच्या बांधीतून कुणी बाईने हाक मारली, "चाल व, ऊन लागते पोरीले!" नूतन वळली. ती घरी गेली नाही. सरळ दुकानात गेली. गिऱ्हाईक उभं होतं, तरी बोलली.

"अजी, मले एकटीले तलावाकडं जाऊ देऊ नका."

हेमेंद्रने तिच्या तोंडाकडे पाहिलं. हातातली पिशवी खाली ठेवली. गिऱ्हाइकाला उद्या या म्हणाला आणि शटर ओढलं.

जुना प्लेअर सुधारणार नव्हता; तसाच प्लेअर असलेली गाडी कुणाकडे आहे, हे तो फोनवर विचारत सुटला. कुणी विकली होती, कुणी भंगारात दिली होती. शेवटी एका खताच्या एजंटाने सांगितलं, सौंदडला बकारामजींच्या अंगणात एक सडून रायली आहे. दोघं चंदाला घेऊन मोटरसायकलवर निघाले. वाटभर पोरगी मधे बसून कण्हत होती.

बकारामजी म्हातारे, एकटे. गाडी कडुनिंबाखाली, चाकं मातीत रुतलेली, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"प्लेअर? न्या ना जी. मले कायले पायजे?" म्हातारा म्हणाला. "फक्त कोंबडीले उठवू नका."

"चालू आहे का, काका?"

"माहीत नाई. बॅटरी मेली तवापासून वाजवलाच नाई."

हेमेंद्र पाना घेऊन वाकला. नूतन चंदाला धरून उभी होती. चंदाने डॅशबोर्डवरची ती फट पाहिली आणि कण्हणं थांबवलं. आता हा वाजला नाही तर?

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो प्लेअर घेऊन तिघं गाडीने अर्जुनीला गेले. टिंकू या वेळी हसला नाही. चंदाच्या कपाळावरची पट्टी पाहून त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. पहिला प्लेअर कोपऱ्यात पडला होता. तो खोलून त्याने सीडी काढली. काढताना कडेला चरा गेला. "माफ करा, वहिनी," तो म्हणाला. मग सौंदडचा प्लेअर जोडला. दोन्ही गाड्यांचं मॉडेल एकच, म्हणून वायर बरोबर बसली. दिवा लागला.

चंदाने सीडी उजेडात धरली, फिरवली, फटीत सरकवली. गुरगुर झाली. थांबली. नूतनने डोळे मिटले. पुन्हा गुरगुर, आणि बासरी.

चंदाने डोकं मागे टेकवलं. हेमेंद्र समोरच्या टपरीवरून पोहे घेऊन आला. नूतनने एक घास पुढे केला. चंदाने तोंड उघडलं. दुसरा घास नूतनने स्वतः खाल्ला आणि चावता चावता रडू लागली.

शेवटच्या धुनेत चरा लागला. बासरी एकाच सुरावर अडखळू लागली. चंदाचा हात उठला. नूतन तिला धरायला वळली. पण हात बटणावर गेला. पोरीने सीडी काढली, पाहिली, पुन्हा घातली, आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं.

"हाही बंद पडला तर?" नूतनने हळूच विचारलं.

"पडल कधी ना कधी," हेमेंद्र म्हणाला. "पण तवा तू दुकानात ये. कालच्यासारखी."