फ्रिजमधला पावणा

मुलांनो, उद्या आपला नांदेडचा जुना फ्रिज जाणार आहे. तो जाण्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी. ती मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितली नाही.

"मावशी, पावणा जित्ता हाय ना?"

वरच्या खोलीतली भाडेकरू मुलगी रोज सकाळी हेच विचारत यायची आणि फ्रिज उघडायची. पावणा म्हणजे दह्याच्या भांड्यामागची बोटभर बाटली. तिच्यात एन्झाइमचं द्रावण होतं, ते सतत थंड ठेवावं लागायचं, नाहीतर मरायचं. तिच्या प्रयोगशाळेत सारखी लाईट जायची. आमच्याकडे इन्व्हर्टर होता.

ती भोकरची. आईचा पाय साखरेने गेलेला. वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या हिरवट-काळ्या पातळ थरात ती हे एन्झाइम बसवायची. "ह्यो साखर वळखतो, प्लास्टिक सांगावा नेतं. अंगाला पट्टी चिकटवली की झालं. साखर तपासाया आईला रोज टोचायला नको."

"आणि पावण्याला खायला काय?" मी चिडवायची.

"साखरच की! पर तुमच्या चहातली नको, लई गोड करता तुमी."

शिष्यवृत्ती संपत आली होती. ती बाटली शेवटची. नवी मिळणार नव्हती.

दर शनिवारी फ्रिज बंद करून पुसायचा, ही माझी शिस्त. त्या शनिवारी मी बाटली ओट्यावर ठेवली, गॅसपाशी. गॅसवर दूध आटत होतं. शेजारीण आली, बोलण्यात वेळ गेला. उचलली तेव्हा बाटलीचा हाताला चटका बसला. मी ती पुसून पुन्हा दह्याच्या भांड्यामागे ठेवली.

त्याच बाटलीतून तिने तीन पट्ट्या केल्या. ग्लुकोजच्या पाण्यात एकीनेही सांगावा दिला नाही. संध्याकाळी ती जिन्यात बसली होती.

"माझ्याच हाताला यश न्हाई, मावशी."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बाटली पुसली होती, तोच हात.

ती लातूरला शिकवणीच्या क्लासात रसायनशास्त्र शिकवायला गेली. पुढे तिची आई गेल्याचं कळलं. आता सांगून टाकायचं, असं ठरवून मी भोकरला गेले. "अगं, मीच त्या दिवशी..." एवढंच तोंडातून निघालं.

"तुमीच तर पावण्याला इतके दिस जगवलं, मावशी," ती म्हणाली, आणि वाकून पाया पडली.

मी पाणी पिऊन परत आले. आता तिचा नंबर लागत नाही.

त्या तीनपैकी एक पट्टी ती खोलीत टाकून गेली होती, ती माझ्या गोळ्यांच्या डबीत आहे. परवा इलेक्ट्रिशियनला तिला मीटर लावून बघायला सांगितलं. प्लास्टिकमधून वीज अजून जाते. साखर मात्र ती ओळखत नाही.