क्लच केबल का तापत होती

क्लच केबलला हात लावला आणि बोटाला चटका बसला. इंजिन तर अजून सुरूच झालं नव्हतं. कर्णिक वकील मॅडम आत बसून नुसता स्टार्टर मारत होत्या.

"थांबा, थांबा! चावी बंद करा," मी ओरडलो.

त्या खाली उतरल्या. "बॅटरी नवीन आहे हो. मला दिंडोशी कोर्टात पोचायचंय."

"मॅडम, आज रिक्षा करा. गाडी इथेच राहू दे."

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. कांजूरमार्गला माझं छोटं गॅरेज आहे. केबलचं काम खरं तर मेकॅनिकचं. पण बंद गाडीची केबल तापत असेल तर ते माझंच काम.

थोडं समजावून सांगतो. बॅटरीतून निघालेला करंट परत बॅटरीत यावा लागतो. गाडीत परतीसाठी जागोजागी वेगळी वायर टाकत नाहीत, गाडीचा पत्रा हाच परतीचा रस्ता. त्याला आम्ही अर्थ म्हणतो. पण इंजिन बसलेलं असतं रबराच्या माउंटिंगवर, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची, वेणीसारखी विणलेली जाड पट्टी लावतात. ती तुटली की करंट दुसरी वाट शोधतो.

मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनला, आणि स्टार्टर मारला. आकडा शून्याच्या आसपास हवा होता. तो तीन व्होल्टच्या पुढे गेला. गाडीखाली शिरलो. पट्टीच्या जागी हिरवा गंज चढलेला एक तुकडा लोंबत होता. आधी कुणीतरी माउंटिंग बदललेलं दिसत होतं. तेव्हा पट्टी ताणली गेली असावी, मग पावसाच्या पाण्यात सडली. स्टार्टरचा सगळा करंट क्लच केबलच्या बारीक तारेतून परत येत होता. तार तापायची, आतलं प्लॅस्टिक वितळायचं, केबल जाम व्हायची. मग एक दिवस तुटायची.

नवी पट्टी टाकली. शिवाय दोन जादा वायरी टाकल्या, एक बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनला, दुसरी इंजिनपासून बॉडीला. बोल्टखालचा कलर खरवडून पत्रा चकचकीत केला, नाहीतर वायर जोडूनही उपयोग नसतो. केबलही बदलली. चावी फिरवली, गाडी एका झटक्यात सुरू झाली.

संध्याकाळी मॅडम आल्या. मी त्यांना जुनी पट्टी दाखवली, सगळं सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. त्या स्टुलावर बसल्या.

"म्हणजे आधीच्या केबलीसुद्धा यानेच गेल्या?"

"यानेच. किती गेल्या?"

"तीन. शेवटची पवईच्या चढावर तुटली. एका म्हातारीची केस होती, घराचा ताबा जायची वेळ. मी पोचले नाही, ऑर्डर विरुद्ध गेली. राणेंना तिथेच रस्त्यात सांगितलं, उद्यापासून येऊ नका."

राणे म्हणजे त्यांचे ड्रायव्हर. मॅडमची मुलगी शाळेत होती तेव्हापासूनचे. प्रत्येक गॅरेजवाल्याने केबल बदलताना एकच सांगितलं होतं, ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून चालवतो. मॅडमनी ते खरं मानलं. पुढे राणेंना ठेवण्यासाठी कुणी चौकशीचा फोन केला, तर त्यांनाही तेच सांगितलं. नंतर त्या स्वतः चालवायला लागल्या. केबल पुन्हा कडक झाली, तेव्हा त्यांना वाटलं, आपलंच ड्रायव्हिंग कच्चं आहे.

"राणे इथेच भांडुपला राहतात," त्या म्हणाल्या. "मी बोलावते. पण समजावून तुम्ही सांगा. माझ्याच्याने होणार नाही."

रविवारी राणे आले. मुलुंडच्या एका टॉवरच्या गेटवर ते वॉचमन होते, ड्युटीच्या आधी वाट वाकडी करून आले होते. मी त्यांना तुटकी पट्टी दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"म्हणजे माझ्या पायाची चूक नव्हती?"

"नव्हती, काका."

ते हसले, पण ते हसणं मला बघवेना. "माका वाटला, वय झाला आता," ते म्हणाले. "सगळेच सांगत होते ना. मग मी बसल्या जागीसुद्धा डावा पाय उचलून धरायचो. दुसरीकडे लागलो होतो चार दिवस. क्लच दाबायची भीतीच बसली. सिग्नलला गाडी बंद पडायची. सोडलं मग."

मॅडम पुढे आल्या. "राणे, चुकलं माझं. तुम्ही परत या."

"नको, मॅडम. लायसन पण रिन्यू केलं नाय."

"ते मी करून घेते."

"हात बसत नाय आता." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मॅडमना सोपं गेलं असतं.

मी चावी पुढे केली. "बसून तरी बघा." ते बसले. क्लच दोन-तीनदा दाबला, "हलका झालाय," म्हणाले, आणि गाडी सुरू न करताच उतरले. मुलगी कशी आहे ते विचारलं. मॅडम म्हणाल्या, "चला, मुलुंडला सोडते." ते म्हणाले, "बस मिळते समोरच. तुम्हाला उलटं पडेल."

ते गेल्यावर मॅडम गाडीत बसल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी चढावर ते काहीतरी सांगत होते. मी ऐकून घेतलं नाही."

गाडीची केबल त्यानंतर गेलेली नाही. राणे अजून गेटवरच आहेत. तीन गॅरेजवाल्यांनी केबल बदलली, आणि का तुटली हे एकानेही शोधलं नाही. तुटकी अर्थ पट्टी शोधायला मीटर लागतो, गाडीखाली झोपावं लागतं, कपडे खराब होतात. ड्रायव्हरवर खापर फोडायला यातलं काहीच लागत नाही.