एका पत्त्यावरचं गाव

खामगावात आमचं ऑफिस एका जिनिंग कारखान्याला लागून होतं. खिडकी उघडली की कापसाचे बारीक तंतू आत येत, आणि बंद केली की जीव घुसमटे. मी उघडीच ठेवायची. संध्याकाळी की-बोर्डच्या फटींत पांढरं काहीतरी बसलेलं असायचं. ते फुंकून काढायचं आणि घरी जायचं.

गुलाबी बोंडअळीचं वर्ष होतं. बीटी कपाशीला अळी लागत नाही असं सांगून विकलेल्या बियाण्याची बोंडं आतून किडली होती. शेतकऱ्यांच्या तक्रारी घ्यायच्या, पंचनाम्याची तारीख मिळवायची आणि ती ज्याची त्याला कळवायची, हे आमच्या छोट्या संस्थेचं काम. मला घेतलं ते इंग्रजी शाळेत शिकले म्हणून. "कॉन्व्हेंटवाल्या मॅडम, कॉम्प्युटर आता तुमच्या गळ्यात," साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले आणि सगळे हसले. मी नुसता कॉम्प्युटर सुरू केला. मी तोंड उघडलं की पुस्तकातलं मराठी बाहेर येतं आणि समोरचा माणूस सावरून बसतो, हे मला ठाऊक होतं.

तक्रारदारांची नावं, गावं आणि पत्ते एका जुन्या डेटाबेसमध्ये होते. तो ज्यानं बनवला तो नोकरी सोडून गेला होता. तिथली सगळी माहिती मेलच्या प्रोग्राममध्ये आणायची होती, म्हणजे प्रत्येकाला त्याच्या नावानं तारीख कळवता आली असती. काम दोन तासांचं, असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं. पहिल्यांदा माहिती बाहेर काढली तेव्हा एकही नाव वाचता येईना. ती कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, त्यामुळे माणसांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि प्रश्नचिन्हं आली. मग जुन्या पडद्यावर बघून नावं पुन्हा टाइप करणं आलं. आठवडा त्यात गेला. मान दुखायची, डोळे चुरचुरायचे, आणि गावोगावची आडनावं डोक्यात फिरत राहायची.

त्याच आठवड्यात अमडापूरची एक बाई आली. चाळिशीची असेल. कापडी पिशवीतून तिनं कपाशीची किडकी बोंडं काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"शेजारच्या साऱ्यायनं पऱ्हाटी उपटली, हरभरा पेरला," ती म्हणाली. "मीच राह्यली. आता उपटू का ठेवू, ते सांगा."

"उभी ठेवा. रिकाम्या वावरात पंच काय बघतील? तारीख कळवतो आम्ही."

"कधी कळवता? हरभऱ्याचे दिवस चालले ना, साहेब."

"मेल येईल तुम्हाला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. जाताना तिनं बोंडं पुन्हा पिशवीत भरली आणि टेबल पदरानं पुसून घेतलं.

मंगळवारी नावं पूर्ण झाली. मी सगळी माहिती मेलच्या प्रोग्राममध्ये ओतायला घेतली, तर त्यानं विचारलं: या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या दिसतात, एकत्र करू का? मी थांबले. साहेब मागेच उभे होते.

"हो म्हणा, मॅडम. त्याच्याशी काय गप्पा मारत बसता? सगळ्यांना हो म्हणा."

त्यांनीच वाकून माउस घेतला, सगळ्यांसाठी हेच उत्तर, असं दाबलं, आणि लगोलग मेल पाठवायला सांगितले. गुरुवारी अमडापूरचा पंचनामा होता.

बुधवारी सकाळी मी त्या बाईचं नाव शोधलं. का शोधलं, सांगता येत नाही. पुसलेलं टेबल डोक्यात होतं बहुतेक. नाव नव्हतं. अख्ख्या अमडापूरचं एकच नाव उरलं होतं, तेही एका अनोळखी पुरुषाचं. जुना डेटाबेस उघडून पाहिलं, तर गावातल्या सगळ्यांपुढे ईमेल एकच आणि फोन नंबरही एकच. त्यावरून प्रोग्रामनं सगळं गाव एकच माणूस धरलं होतं.

फोन करायचा म्हटलं की मला आधी वाक्य जुळवावं लागतं. त्या दिवशी ते जुळण्याआधीच पलीकडून आवाज आला. गावातल्या झेरॉक्स आणि इंटरनेटच्या दुकानाचे मालक होते, सगळ्यांचे चाचा.

"हाव, माहंच इमेल हाये ते. आता शेतकऱ्याजवळ कुठचं इमेल, बेटा? तुमचा फारम म्हणे, ही जागा खाली नाही सोडता येत. मंग साऱ्यायचं माहंच टाकलं. बाजाराच्या दिवशी सारे दुकानात येतात, ज्याचा मेल आला त्याले मी वाचून सांगतो. आजवर कोणाचा चुकला नाही."

"काल एक आला असेल ना?"

"आला. एकच नाव होतं त्यात. तारीख जवळची म्हणून त्याले घरी जाऊन सांगितलं ना म्या."

मी त्या बाईचं नाव सांगितलं.

"तिनं त पऱ्हाटी मोडायले आज ट्रॅक्टर सांगितला हाये," ते म्हणाले. "सकाळीच इथून गेला तो. थांब, फोन ठेव. मी गाडी काढतो."

मी फोन ठेवला आणि बसून राहिले. साहेबांना सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही थकलेलेच होते. खिडकीतून तंतू येत होते. जिनिंगच्या दारात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे होते, आणि त्यातल्या प्रत्येक ट्रॅक्टरचा मला राग आला.

चाचांच्या नंबरवरून फोन आला, पण बोलली ती बाई. मागे इंजिन चालू होतं.

"अर्धं गेलं, मॅडम. अर्धं उभं हाये. काऊन नाही कळवलं मले? मी त रोज वाट पाहून राह्यली होती."

जुळवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. "आमची चूक झाली, ताई," एवढंच म्हणाले.

"मंग गेलेल्या अर्ध्याचं काय?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. उभं असेल तेवढंच लिहिलं जाणार होतं.

"ते धरणार नाहीत, ताई."

इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं.

"बरं," ती म्हणाली. "अर्ध्यात हरभरा टाकतो. अर्ध्यात तुमच्या पंचायले पाहा म्हना." मग चाचांना म्हणाली, "घ्या तुमचा फोन. तिले काय बोलू, पोरगी रडून राह्यली वाटते."

मी रडत नव्हते. पण तसं सांगितलं नाही.

पंचनामा झाला, तिच्या अर्ध्या वावराचा. गावात ज्यांचं पीक अजून उभं होतं त्यांच्यासाठी साहेबांनी पुढची तारीख मागून घेतली. मी अमडापूर पुन्हा वेगळं करायला बसले. प्रत्येक नावापुढे तोच पत्ता टाकायचा. प्रत्येक वेळी प्रोग्राम विचारायचा, ही एकच व्यक्ती आहे का? नाही. पुढचं नाव. पुन्हा तोच प्रश्न. नाही. या वेळी माउस मी कुणाच्या हातात दिला नाही.

नव्या तारखेचे मेल गेले त्या दिवशी चाचांचा फोन आला.

"बेटा, मशीन बिघडली का तुमची? एकच गोष्ट किती खेप पाठवता?"

"नावं वेगळी आहेत चाचा. प्रत्येक वाचा."

"वाचतो ना मंग," ते म्हणाले. "बाजाराच्या दिवसाची वाट नाही पाहत आता. गाडी काढतो."